बिनतोफेच्या गाडीचं अनावरण

गाड्यांच्या विम्याचा सर्वेक्षक म्हणून मी नगरला तीस वर्षं काढली. अपघात झाला की गाडी बघायला जायचं, फोटो काढायचे आणि नुकसानीचं कारण लिहायचं, हे माझं काम. दर उन्हाळ्यात आणि दर डिसेंबरात माझ्या टेबलावर कोकणातून आलेल्या दोन-चार फायली असायच्याच. मजकूर ठरलेला: ओहोटीला गाडी वाळूत नेली, चाकं रुतली, भरती आली, गाडी गेली. आमच्या घाटावरच्या माणसाला समुद्र दिसला की तो त्याला रस्ताच वाटतो. अशा प्रत्येक फायलीवर मी 'चालकाचा निष्काळजीपणा' असे दोन शब्द लिहिले आणि मनातल्या मनात त्या चालकाला आणखी दोन ऐकवले. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे लपवता येणार नाही.

या जानेवारीत आम्ही कोकणात गेलो ते समुद्र बघायला नव्हे, एका गाडीच्या अनावरणाला. बोलावणं गोविंदरावांचं होतं. गोविंदराव लष्करात हवालदार होते. नगरला बदली होऊन आले तेव्हा तीन वर्षं आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिले. निवृत्त होऊन ते आपल्या गावी गेले, रायगडच्या किनाऱ्यावर, दिवेआगरच्या अलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या सरपंचबाईंनी तशी तंबी दिली आहे. का, ते ओघात येईल.

आता गाडीबद्दल. आम्हा नगरकरांना रणगाड्याचं अप्रूप नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी लष्कराच्या संग्रहालयातले रणगाडे दाखवतो आणि मग जेवायला वाढतो. पण रणगाडा चिखलात रुतला किंवा भर माळावर बंद पडला तर त्याला कोण आणतं, हे मला गोविंदरावांकडूनच कळलं. इतकं वजन ओढायला तितकीच दणकट गाडी लागते. म्हणून रणगाड्याचाच सांगाडा घेतात. तेच इंजिन, तेच पट्टे. फक्त वरचा तोफेचा घुमट काढून त्या जागी क्रेनचा हात बसवतात, पोटात तारेच्या दोराचं रीळ ठेवतात आणि पुढे जमिनीत रोवायला रुंद लोखंडी पातं लावतात. लष्करात तिला नुसतं 'रिकव्हरी' म्हणतात. गोविंदरावांची सगळी नोकरी या गाडीवर झाली.

गावाला हे कधी पटलं नाही. सुट्टीवर गेले की पारावर पहिला प्रश्न यायचा, "हवालदार, किती मारले?" गोविंदराव खरं तेच सांगायचे, एकही नाही. मग तिथे करता काय? अडकलेल्या गाड्या ओढतो. यावरून गावाने ठरवून टाकलं की हा माणूस सैन्यात गॅरेज चालवतो. एका रणगाड्याची गोष्ट त्यांनी मला एकदाच, आमच्या ओट्यावर चहा पिताना सांगितली होती. तो कालव्यात कलंडला होता, झाकणं चिखलात दबली होती आणि आत तिघं होते. दुपारी लावलेला दोर दुसऱ्या दिवशी उजाडता सुटला. तिघंही आपल्या पायांनी चालत गेले. ही गोष्ट त्यांनी गावात सांगितलीच नव्हती, कारण तिच्यात मेलं कोणीच नव्हतं.

तर अशी एक निवृत्त रिकव्हरी गाडी आता त्यांच्या गावाला मिळाली होती. फोनवर ते म्हणाले, "भाऊसाहेब, आपली गाडी गावात आली हाय. सव्वीसला पडदा निघंल. वहिनींना घेऊन या." त्यांचा आवाज इतका आनंदी मी कधी ऐकला नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी मात्र पुन्हा फोन आला. तुम्ही याच, एवढंच म्हणाले आणि ठेवला.

पाली

वहिनी म्हणजे माझी बायको सुलभा. कोकणात उतरायचं तर आधी पालीच्या गणपतीला सांगून जायचं, हा तिचा नियम. तिने काय मागितलं ते तिने सांगितलं नाही. मी गाडी सुखरूप चालू दे असं मागितलं, पण कुठे चालू दे ते सांगायचं राहिलं.

देवळाजवळच्या खाणावळीत वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी मिळाली. भाकरी इतकी पांढरी आणि मऊ की माझं समाधान होईना. सुलभाने पिशवीतून आमची तीळ लावलेली बाजरीची भाकरी काढली तशी मालकाने कुतूहलाने एक तुकडा मागून घेतला. बराच वेळ चावून तो म्हणाला की ही खायला दात लागतात. मी म्हटलं, आमच्याकडे लहानपणापासून सवय करतात. त्याने आम्हाला बिरडं पुन्हा वाढलं, पण तुकडा पुन्हा मागितला नाही.

गाव, पहिली संध्याकाळ

गावात पोचलो तेव्हा चार वाजले होते. रस्ता संपतो तिथे सुरूची झाडं, त्यांच्यापुढे सिमेंटचा नवा ओटा आणि ओट्यावर निळ्या ताडपत्रीखाली झाकलेली गाडी. ताडपत्रीतून पुढे दहा-बारा फूट लांब काहीतरी बाहेर आलं होतं. मी गोविंदरावांना विचारलं की रिकव्हरीला तोफ कधीपासून आली. त्यांनी ताडपत्रीचं टोक उचलून धरलं.

तोफ म्हणजे माडाचं खोड होतं. गावच्या सुताराने ते रंधा मारून गुळगुळीत केलं होतं आणि लष्करी हिरवा रंग दिला होता. टोकाला तोंड दिसावं म्हणून बूड कापलेली स्टीलची कळशी बसवली होती. क्रेनच्या बुंध्याला दोन लोखंडी पट्ट्यांनी हे सगळं आवळलेलं होतं. लांबून पाहिलं तर कोणीही फसावं. जवळ गेलं की कळशीवर कोरलेली अक्षरं वाचता यायची: 'कै. यमुनाबाई यांच्या स्मरणार्थ'.

हा प्रकार कसा झाला ते रात्रीच्या जेवणाआधी नंदाताईंनी सांगितलं. नंदाताई म्हणजे सरपंचबाई. त्यांच्याच वाडीतल्या चार खोल्यांपैकी एकीत आम्ही उतरलो होतो. शेजारच्या गावाने किनाऱ्यावर फोटो काढण्यासाठी मोठा लाकडी मासा उभा केला आणि पर्यटक तिकडे वळले. यावर ग्रामसभेत ठराव झाला की आपण रणगाडा आणायचा. अर्ज इंग्रजीत करायचा होता आणि लष्कराची भाषा गावात एकालाच येत होती, म्हणून तो गोविंदरावांनी लिहिला. मंजुरीचं पत्र आलं. 'रणगाड्याच्या सांगाड्यावर बांधलेले वाहन' असा त्याचा मजकूर होता. गावाने त्यातला पहिला शब्द वाचून फटाके लावले.

गाडी लांबलचक ट्रेलरवरून आली. वाटेतल्या मोऱ्या तिचं वजन सोसतील का, याची विचारपूस करणारी पत्रं ती पोचल्यानंतर आली. गावच्या शेवटच्या वळणावर ट्रेलरचं चाक एका वाडीच्या पाटात उतरलं आणि जन्मभर दुसऱ्यांना ओढणाऱ्या गाडीला पिवळ्या जेसीबीने ओढून आणावं लागलं. ताडपत्री काढल्यावर सगळ्या गावाने एकच विचारलं, तोफ कुठाय? वाटेत पडली असेल म्हणून दोघं जण मोटारसायकलवरून माणगावपर्यंत बघूनही आले.

मग माडाचं खोड आलं आणि नंदाताईंनी आपल्या सासूबाईंच्या नावाची कळशी दिली. गोविंदरावांना कोणी विचारलं नाही. अर्ज त्यांनी नेमका कशासाठी केला होता, हेही त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

जेवणाआधी गोविंदराव मला किनाऱ्यावर घेऊन गेले होते. चालता चालता ते म्हणाले, "भाऊसाहेब, त्या गाडीकडं बघितलं की वाटतं, भिंतीवरच्या माझ्या वर्दीतल्या फोटोला कोणी दुसऱ्याचं तोंड चिकटवलंय." परवा सगळ्या गावासमोर पडदा निघेल, पुन्हा तोच खोटा मान मिळेल आणि मग जन्मभर तो खोटा आहे असं सांगत फिरावं लागेल, हे त्यांना नको होतं. तोफ पडद्याआधी उतरावी, एवढंच मागणं. त्यांनी दोनदा सांगून पाहिलं होतं. आता मी सांगावं, कारण मी साहेब आहे, माझं ऐकतील, असा त्यांचा समज होता. तीस वर्षांत माझं फक्त फायलींनी ऐकलं आहे, पण त्यांच्या तोंडाकडे बघून मी हो म्हटलं.

रथसप्तमी

सकाळी नंदाताईंनी अंगणात सूर्याच्या रथाची रांगोळी काढून गोवऱ्यांवर दूध उतू घालवलं. आमच्याकडेही असंच करतात, फक्त आमचं दूध गॅसवर उतू जातं आणि सुलभा ते मुद्दाम केल्याचं सांगते. घावणे आणि नारळाचा रस खाऊन मी विषय काढला. शास्त्रशुद्ध बोललो. ही गाडी कशासाठी असते, तिचं महत्त्व काय, खोटी तोफ लावणं म्हणजे कसा अपमान, सगळं सांगितलं.

नंदाताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मुंबईचा पावना इतक्या लांब येतो, त्याला आमी क्रेन दाखवायची? क्रेन त्याच्या सोसायटीसमोर रोज उभी हाय." वादळात त्यांची अर्धी सुपारी झोपली होती. पुन्हा लावलेली रोपं आता कुठे कमरेला आली होती, तोवर या चार खोल्यांवर घर चालायचं. शिवाय उद्या पडदा ओढायला येणाऱ्या पाहुण्यांच्या भाषणाचा कागद आला होता आणि त्यात तोफेचा गडगडाट दोन ठिकाणी होता. फलक रंगवून झाला होता: 'रणगाडा, शौर्याचे प्रतीक'. गोविंदकाकांचा मान ठेवायचा म्हणून त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली आहे, आणखी काय करायचं?

तासाभरानंतर मी त्यांच्या अंगणातून बाहेर पडलो तो समुद्राच्या बाजूने तोफेचा झकास फोटो काढून देण्याचं कबूल करूनच. वकिली करायला गेलो आणि समोरच्या पक्षाचं काम घेऊन आलो.

समुद्र खूप आत गेला होता. फोटोत सुरूची झाडं, ओटा आणि गाडी सगळं यायला हवं तर बरंच खाली जायला हवं होतं, आणि माझा गुडघा दुखत होता. वाळू डांबरासारखी टणक दिसत होती. सुलभा म्हणाली की ती चालत येईल. मी एकटा गाडी घेऊन खाली उतरलो. 'वाळू टणक होती' हे वाक्य मी शेकडो जबाबांत वाचलं आहे, आणि दर वेळी मला तो माणूस खोटं बोलतोय असं वाटायचं. आता सांगतो, ते सगळे खरं बोलत होते. जाताना ती टणकच असते.

फोटो सुंदर आला. परत वळताना मागची चाकं एका ओलसर खळग्यात गेली आणि मी ते केलं जे प्रत्येक जण करतो. ॲक्सिलरेटर दाबला. चौथ्यांदा दाबल्यावर गाडीचं पोट वाळूवर टेकलं आणि चाकं बिनकामाची फिरायला लागली. मी उतरून बूट काढले. इतक्यात सुलभा चालत येऊन पोचली. "आज रथसप्तमी," ती म्हणाली, "तुम्ही रथ बरा आणलात."

सात-आठ माणसं जमली. गावातला एकमेव ट्रॅक्टर उद्याचा मांडव आणि खुर्च्या आणायला माणगावला गेला होता. जेसीबी म्हसळ्याला होता. पूर्वी बैलजोड्या होत्या, त्यांनी पर्यटकांच्या कितीतरी गाड्या ओढल्या. आता बैलही विकले गेले, असं एकाने खेदाने सांगितलं. खेद बैलांचा होता, माझा नव्हता.

मग गोविंदराव आले. कोणाशी न बोलता, हात मागे बांधून, त्यांनी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली. खाली वाकून पोट बघितलं. मला उगाच वाटलं की माझी गाडी एखाद्या डॉक्टरला दाखवतोय. मी म्हणालो, लवकर काहीतरी करायला हवं. ते म्हणाले, "रिकव्हरीचा पहिला नियम, भाऊसाहेब. दोराला हात लावायच्या आधी एक फेरी मारायची. खरं काय अडकलंय ते बघायचं." मग आकाशाकडे पाहिलं. "आज सप्तमी. सातची पाऊणकी सव्वापाच."

आमच्याकडे तिथी उपासासाठी लागते, इथे भरतीसाठी. तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ निघते. म्हणजे सव्वापाचला भरती पुरी, आणि माझी गाडी उभी होती ती जागा त्याच्या खूप आधी पाण्याखाली. तेव्हा साडेबारा झाले होते.

चेनपुली होती कादरभाईंकडे. कादरभाई पंधरा वर्षं आखातात क्रेन चालवून परत आलेले. आता किनाऱ्याच्या टोकाला होड्या दुरुस्त करायची त्यांची शेड आहे, आणि होड्यांची इंजिनं उचलायला ते साखळीची पुली वापरतात. गोविंदराव, मी, सुलभा असे आम्ही तिथे गेलो. पुली कोपऱ्यात सामानाखाली होती, ती काढायला थोडा वेळ लागला, तोवर सुलभा दाराशीच टेकली. कादरभाईंनी पुली, जाड दोर आणि होडीच्या चार फळ्या हातगाडीवर टाकल्या. गोविंदरावांना म्हणाले, "हवालदार, उस्ताद तुमी. सांगाल तसा करू, इन्शाल्ला." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आम्ही निघालो.

मला एक शंका होती ती मी वाटेतच विचारली. वर ओट्यावर इतकी अवजड गाडी उभी आहे, दोर तिलाच का बांधू नये? गोविंदराव म्हणाले की चांगला विचार आहे, पण दोर तिच्या अर्ध्या वाटेतही पोचायचा नाही. जवळच वाळूत काहीतरी जाड, लांब आडवं पुरायचं आणि त्याला दोर बांधायचा. वाळूच मग ते धरून ठेवते. वाळवंटात झाड नसतं तिथे ते असंच करायचे.

गाडीपाशी तोवर नंदाताई आल्या होत्या. लाटांची फेसाळ कड पन्नासेक पावलांवर होती. गोविंदरावांनी किनाऱ्यावर इकडून तिकडे नजर फिरवली आणि ती ओट्यावर थांबली.

"ती तोफ काढा," ते म्हणाले.

नंदाताईंनी विचारलं की दुसरं काही चालणार नाही का. गोविंदराव म्हणाले, "येळ न्हाय, ताई." नंदाताईंनी कादरभाईंकडे पाहिलं. कादरभाई समुद्राकडे बघत होते. मग नंदाताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते बघण्यासारखं नसावं, कारण त्यांनी लगेच पदर खोचला आणि म्हणाल्या, "काढा. पण कळशी माझ्या हातात द्या."

पट्ट्यांचे बोल्ट सोडायला पाना लागणार होता. नेमका त्याच मापाचा पाना गोविंदरावांच्या खिशात निघाला. तेव्हा मला तो योगायोगच वाटला. शिमग्याला होळीचं झाड आणतात तशी आठ जणांनी तोफ खांद्यावर घेतली आणि आरोळ्या देत वाळूतून खाली आणली. नंदाताई मागून कळशी घेऊन येत होत्या.

गोविंदरावांचं वय आता सत्तरीच्या घरात. पण त्या दुपारी त्यांचा आवाज बदलला. कमरेइतका चर खणून घेतला, खोड आडवं निजवलं, मधोमध दोर बांधला, वर वाळू लोटून ती पायांनी ठोकून घेतली. माझ्या गाडीच्या पोटाखालची वाळू हातांनी काढायला लावली, चाकांपुढे फळ्या सरकवल्या. दोराच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही, तुटला तर पाय जातो, हे प्रत्येकाला नाव घेऊन सांगितलं. कादरभाईंनी साखळी ओढायला सुरुवात केली. दोर ताठ झाला. पुरलेल्या जागेवरची वाळू फुगली, आत खोड करकरलं, आणि मी डोळे मिटले. पाणी माझ्या घोट्यांना लागत होतं.

खोड हललं नाही. गाडी हलली. वीतभर, मग हातभर. साखळी संपली की चाकांना अडण लावायची, दोर आखडून बांधायचा आणि पुन्हा ओढायचं. तीन वेळा असं झाल्यावर चाकं टणक वाळूवर आली आणि बाकीचं काम सगळ्यांनी खांदे लावून केलं. ओट्यापाशी गाडी उभी राहिली तेव्हा मला रडू आलं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं, पण सुलभाने मला तीस वर्षं पाहिलेलं आहे.

वळून पाहिलं तर खोड पुरलेल्या जागेवर गुडघाभर पाणी होतं. एकाने विचारलं की ते आता कसं काढायचं. गोविंदराव म्हणाले, राहू दे. नंदाताई कळशी पदराने पुसत उभ्या होत्या. त्यांनी एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा ओट्यावरच्या उघड्या गाडीकडे, आणि घराकडे चालू लागल्या. संध्याकाळी जेवायला वाढताना गोविंदरावांना निरोप पाठवला की उद्या चार शब्द तुम्हीच बोला.

सव्वीस जानेवारी

शाळेत झेंडावंदन झाल्यावर सगळं गाव ओट्यापाशी जमलं. पाहुणे वेळेवर म्हणजे दीड तासाने आले. पडदा ओढला. समोर रुंद पातं, क्रेनचा दुमडलेला हात आणि मधे मोकळी जागा. पाहुण्यांनी कागद काढला. कागदावर तोफ होती, त्यामुळे त्यांनी क्रेनकडे हात करून सांगितलं की या तोफेच्या गडगडाटाने शत्रूच्या उरात धडकी भरली. दुसऱ्या गडगडाटाला टाळ्याही पडल्या. मांडवातली माणसं एकमेकांकडे न बघण्याची शिकस्त करत होती. हेच भाषण पुढे छापूनही आलं, आणि पाहुणे खोटे पडू नयेत म्हणून नंदाताईंनी मला गावाचं नाव लिहायला मनाई केली आहे.

पाहुण्यांना पुढच्या गावाला जायचं होतं. ते गेल्यावर नंदाताईंनी माइक घेतला आणि म्हणाल्या की ही खरी कसली गाडी आहे ते आता हवालदारकाका सांगतील.

गोविंदराव पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरून उठले. माइक धरायची सवय नव्हती, तो त्यांनी पान्यासारखा धरला. म्हणाले, "ही गाडी गोळी झाडत न्हाय. ज्याची गाडी अडकली त्याच्यापाशी जाते. गोळ्या चालू असल्या तरी जाते. बाकीचे निघाले की ही शेवटी निघते." मग कालव्यातल्या रणगाड्याची गोष्ट सांगितली, आतल्या तिघांची. मला सांगितली होती तेवढ्याच शब्दांत. "तिघंही चालत गेले," म्हणाले, आणि माइक परत दिला.

पारावर बसणारे एक म्हातारे गृहस्थ काठीवर जोर देऊन उठले. 'किती मारले' हा प्रश्न दर सुट्टीत विचारणारे ते हेच, असं मला शेजारच्याने हळूच सांगितलं. ते गाडीकडे बघत राहिले, मग गोविंदरावांकडे वळले.

"हवालदार," त्यांनी विचारलं, "किती काढले?"

"मोजले न्हाय," गोविंदराव म्हणाले. "काल एक वाढला."

सगळा मांडव माझ्याकडे वळून हसला. इतक्या माणसांनी एकदम हसावं असं मी आयुष्यात दुसरं काही केलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला आनंद झाला.

दुपारी पेंटर येऊन फलकावरचा 'रणगाडा' पुसत होता. नंदाताईंनी त्याला खाली आणखी एक ओळ घालायला सांगितली: 'वाळूत गाडी घालू नये. ही गाडी आता चालत नाही.' पर्यटक याचाही फोटो काढतील, असा त्यांचा हिशेब होता. आम्हाला निघताना त्यांनी दोन नारळ दिले आणि पुन्हा या म्हणाल्या, पण गाडी वर लावा.

परत नगर

ताम्हिणी घाट चढताना सुलभा पायाशी घरंगळणारे नारळ सावरत होती. मग म्हणाली, "अहो, कादरभाईंच्या शेडमध्ये मी टेकले होते, ते कशावर?"

मी म्हटलं, असेल एखादी पेटी.

"माडाच्या ओंडक्यावर. तसले सहा-सात होते तिथे, दारातच. हातगाडीवर सहज एक बसला असता."

मी गाडी कडेला घेतली. खिशातला पाना आठवला. समुद्राकडे बघणारे कादरभाई आठवले, आणि इंग्रजीत लिहिलेला तो अर्जही. अर्जाच्या वेळीही कोणी गोविंदरावांना काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

घरी आल्यावर खाऱ्या पाण्याने गाडीखालचं बरंच काही गंजणार असं मेकॅनिकने सांगितलं. मी विम्याचा अर्ज आणला, नुकसानीच्या कारणापुढे ते दोन शब्द स्वतःच्या अक्षरात लिहिले आणि कागद फाडून टाकला. मग गोविंदरावांना फोन लावला. इकडचं तिकडचं बोललो, आणि शेवटी विचारलंच की शेडच्या दारात ओंडके पडलेले असताना तोफच का काढली.

पलीकडून समुद्र ऐकू येत होता.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "मी फेरी मारून बघितलं व्हतं. त्या दिवशी दोन गाड्या अडकल्या व्हत्या."